एकदा लकवा येऊन गेलाय, शुगरही आहे: मग गुठळी विरघळवणारं इंजेक्शन चालतं का?

“साहेब, यांना आधी एकदा येऊन गेलाय. शुगर-बीपी आहे, हार्टचंही झालंय. आता हे इंजेक्शन झेपंल का?”

कॅज्युअल्टीच्या दारात हा प्रश्न उदगीरपासून वैजापूरपर्यंत कुठंही ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. डॉक्टर नुकतेच सांगून गेलेले असतात की इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, सही करा. घरच्यांपैकी कुणी पुण्याला फोन लावतं, कुणी सोलापूरच्या पाहुण्यांना विचारतं. जुनी फाईल घरी राहिलेली असते. मग कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, “एवढे आजार असताना रिस्क नको.” अर्धा तास तिथंच जातो. ‘आजार जास्त म्हणून इंजेक्शन नको’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण बहुतेक वेळा ते बरोबर नसतं. का, ते मुळापासून पाहू.

## आत नेमकं काय होतं

वारं गेलं म्हणा, लकवा मारला म्हणा, अर्धांगवायू म्हणा की ब्रेन स्ट्रोक, मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटलेला असतो. याचे प्रकार दोन. एकात रक्तवाहिनीत गुठळी अडकते. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटते आणि मेंदूत रक्त साचतं. गुठळीचा प्रकार बराच जास्त आढळतो. बाहेरून मात्र दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड. नाडी बघून, डोळे बघून किंवा अनुभवावरून कितीही मोठ्या डॉक्टरला यातला फरक खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅनच लागतो. म्हणून ‘घरीच ॲस्पिरिन देऊन निघा’ हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला लकव्याला लागू नाही. आतून रक्तवाहिनी फुटलेली असेल तर ती गोळी उलट घात करते.

गुठळी अडकली की त्या वाहिनीवर अवलंबून असलेला मेंदूचा सगळा भाग लगेच मरत नाही. मधला गाभा मिनिटांत जातो. त्याच्या भोवतालचा पट्टा उपाशी, बंद पडलेला, पण काही तास जिवंत असतो. मोठी वाहिनी बंद झाली असेल तर सरासरी दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला. सगळी धावपळ त्या उपाशी पट्ट्यासाठी असते.

## इंजेक्शन काय करतं

आपल्याकडे तीन वेगळ्या औषधांना सरसकट ‘रक्त पातळ करायचं औषध’ म्हणतात आणि घोळ इथूनच सुरू होतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गोळ्या रक्तातल्या बिंबाणूंना (प्लेटलेटना) एकमेकांना चिकटू देत नाहीत. वॉर्फरिन, ॲसिट्रॉम, डॅबिगाट्रान ही औषधं रक्त गोठण्याची रासायनिक साखळी रोखतात. दोन्ही गटांचं काम नवी गुठळी होऊ न देणं. झालेली गुठळी ती विरघळवत नाहीत.

अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही इंजेक्शनं ते काम करतात. गुठळीला बांधून ठेवणारे प्रथिनाचे धागे तोडणारा पदार्थ आपल्या रक्तात निजलेल्या अवस्थेत असतोच. ही औषधं त्याला जागं करतात. अल्टेप्लेज वजनाच्या हिशोबानं देतात, किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. त्यातला दहावा हिस्सा आधी एकदम आणि उरलेलं तासभर पंपातून. टेनेक्टेप्लेज मात्र एकदाच टोचून मोकळं होता येतं.

ज्यांना पूर्वी हार्ट अटॅकच्या वेळी स्ट्रेप्टोकायनेज दिलेलं असतं, त्यांच्या घरचे विचारतात, “तेच स्वस्तातलं द्या की.” ते चालत नाही. १९९० च्या दशकात लकव्यासाठी स्ट्रेप्टोकायनेजच्या चाचण्या झाल्या होत्या. रक्तस्राव आणि मृत्यू वाढले म्हणून त्या मध्येच थांबवाव्या लागल्या.

फायदा किती? १९९५ साली अमेरिकेत ६२४ रुग्णांवरच्या चाचणीत पहिल्या ३ तासांत अल्टेप्लेज दिल्यास अपंगत्व कमी राहतं हे दिसलं आणि पुढच्याच वर्षी तिथं मान्यता मिळाली. नंतर नऊ चाचण्यांमधल्या ६७५६ रुग्णांची माहिती २०१४ साली एकत्र तपासली गेली. ३ तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्या शंभरातले सुमारे ३३ जण जवळजवळ पूर्ण बरे झाले. न मिळालेल्यांत २३. म्हणजे शंभरामागे दहा माणसं जास्त. ३ ते ४.५ तासांत हा फरक पाचावर येतो. त्यापुढं तो इतका कमी होतो की साध्या सीटीच्या भरवशावर देण्यात अर्थ राहत नाही.

तोटाही त्याच आकड्यांत आहे. मेंदूत मोठा रक्तस्राव इंजेक्शन घेतलेल्या शंभरातल्या सुमारे सात जणांना झाला, न घेतलेल्यांत एकाला. पहिल्या आठवड्यात त्या रक्तस्रावानं शंभरामागे साधारण दोन मृत्यू जास्त झाले. डॉक्टर सही मागतात ती यासाठी. वर सांगितलेल्या दहा माणसांच्या हिशोबात मात्र हा तोटा आधीच धरलेला आहे. रक्तस्राव झालेले वजा जाऊनही पारडं इंजेक्शनच्या बाजूनंच झुकतं.

## मग जुन्या आजाराची आडकाठी आली कुठून?

ही आडकाठी कुणाच्या मनातून आलेली नाही, ती कागदावर होती. अल्टेप्लेजला युरोपात लकव्यासाठी परवाना मिळाला तेव्हा त्यात एक अट होती: आधी लकवा येऊन गेलाय आणि मधुमेहही आहे, अशा रुग्णाला देऊ नये. २००८ साली वेळेची मर्यादा ३ तासांवरून ४.५ तासांवर नेणारी मोठी चाचणी तिथं झाली. तिनंही ८० वर्षांपुढचे रुग्ण आणि ‘लकवा अधिक मधुमेह’वाले रुग्ण बाहेरच ठेवले. चाचणी यशस्वी झाली, पण या लोकांचं काय, ते अनुत्तरित राहिलं.

एखाद्या औषधाच्या चाचणीत तुम्हाला घेतलं नाही, याचा अर्थ ते तुम्हाला घातक ठरलं असा होत नाही. तुमच्यावर ते तपासलंच गेलं नाही, एवढाच होतो. पण कागदावरची अट काही वर्षांत डॉक्टरांच्या तोंडी नियम होते आणि नातेवाइकांच्या तोंडी ‘यांना चालत नाही’. मराठवाड्यात पन्नाशीपुढचं माणूस असलेल्या बऱ्याच घरांत शुगरची गोळी असते. अशा ठिकाणी या अटीचा फटका किती जणांना बसत असेल, याचा अंदाज ज्यानं त्यानं आपल्या भावकीवरून बांधावा.

## हलक्या रानाचा हिशोब

भीतीचं आणखी एक कारण म्हणजे डोळ्यांना दिसणारा अनुभव. ज्यांना आधी लकवा येऊन गेलाय, मधुमेह आहे, हृदयाच्या वाहिन्या आखडलेल्या आहेत, ते इंजेक्शननंतरही इतरांइतके सुधारत नाहीत. दोन-तीन रुग्ण असे पाहिले की डॉक्टरचाही हात आखडतो.

शेतकऱ्याला यातली गफलत लगेच कळेल. एकाचं भारी काळं रान, दुसऱ्याचं हलकं मुरमाड. दोघांनी तूर पेरली. ऐन फुलोऱ्यात पावसानं ताण दिला आणि दोघांनी विहिरीचं एकेक पाणी दिलं. रास झाली तेव्हा काळ्या रानात पोती जास्त निघाली, मुरमाडात कमी. यावरून कुणी म्हणालं, ‘मुरमाडाला पाणी देण्यात अर्थ नाही’, तर पारावरचे लोक हसतील. मुरमाडाची तुलना काळ्या रानाशी करायचीच नसते. त्याच मुरमाडात पाणी दिलेला पट्टा आणि न दिलेला पट्टा यांत किती फरक पडला, ते बघायचं असतं.

रुग्णांचंही असंच. जुना आजार असलेल्या माणसाच्या मेंदूत आधीचा व्रण असतो, बारीक वाहिन्या कडक झालेल्या असतात, आडवाटेनं रक्त पोचवायची सोय तोकडी असते. तो कमी सुधारणार हे इंजेक्शन दिलं तरी खरं आणि नाही दिलं तरी खरं. प्रश्न असा की तशाच दुसऱ्या रुग्णाला इंजेक्शन मिळालं नाही, तर त्याचं काय होतं?

ग्लासगोच्या संशोधकांनी २०११ साली नेमकी हीच तुलना मांडली. सुमारे २९,५०० रुग्णांच्या नोंदी त्यांच्यापुढं होत्या. आधी लकवा आलेले, मधुमेह असलेले, दोन्ही असलेले आणि दोन्ही नसलेले असे गट पाडून, वय आणि लकव्याची तीव्रता हिशोबात धरून त्यांनी पाहिलं. इंजेक्शन मिळालेल्यांची अवस्था तीन महिन्यांनी बरी होती आणि हे दोन्ही आजार असलेल्या गटातही दिसलं.

या अभ्यासाची कमजोरीही लक्षात घ्यावी. यात चिठ्ठ्या टाकून इंजेक्शन कुणाला द्यायचं ते ठरवलेलं नव्हतं. आधीच झालेल्या उपचारांच्या नोंदी होत्या. डॉक्टरांनी मुळात जरा बऱ्या रुग्णांनाच इंजेक्शन दिलं असेल, तर फायदा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. त्यामुळे यावरून ‘खात्रीनं गुण येतोच’ असं म्हणता येणार नाही. पण ‘चालतच नाही’ म्हणायला मात्र काहीच आधार उरत नाही. अमेरिकी हृदय संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तेच मोजून-मापून म्हटलं: आधीचा लकवा आणि मधुमेह दोन्ही असलेल्यांना ३ ते ४.५ तासांत अल्टेप्लेज देणं हा रास्त पर्याय असू शकतो. पहिल्या ३ तासांसाठी तर या जोडीची आडकाठी १९९५ च्या चाचणीतही नव्हती.

## “पण यांचं रक्त आधीच पातळ आहे”

अँजिओप्लास्टी झालेला माणूस बहुधा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेत असतो. त्यानं रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, पण त्या कारणावरून इंजेक्शन नाकारत नाहीत. बायपास किंवा स्टेंट खूप आधी झालेला असणं हीसुद्धा अडचण नाही.

वॉर्फरिन आणि ॲसिट्रॉमची गोष्ट वेगळी. लहानपणी सांधे धरून ताप आला, पुढं हृदयाची झडप खराब झाली, असे रुग्ण आपल्या खेड्यांत आजही आहेत. त्यांत तिशी-चाळिशीतल्या बायका बऱ्याच. झडप बदललेली, हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून ॲसिट्रॉम चालू. त्यांच्या हृदयातून गुठळी सुटून मेंदूत गेली तर आधी आयएनआर ही रक्ताची तपासणी करतात. आकडा १.७ किंवा त्याखाली असेल तर इंजेक्शन देता येतं. गोळ्या मध्येच बंद पडल्या म्हणूनच बऱ्याचदा लकवा येतो, आणि तेव्हा आकडा खालीच असतो. डॅबिगाट्रान, ॲपिक्साबॅन यांसारख्या नव्या गोळ्यांचं मात्र आयएनआरवरून कळत नाही. तिथं शेवटची गोळी कधी घेतली याला महत्त्व. ती ४८ तासांच्या आत घेतलेली असेल तर सहसा इंजेक्शन टाळतात.

बीपीसाठी किंवा हृदयासाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल चालू असेल तर तेही सांगावं. अल्टेप्लेजनंतर काहींची जीभ-ओठ सुजतात, आणि या गोळ्या घेणाऱ्यांत ते जास्त होतं. त्यामुळे इंजेक्शन अडत नाही, नर्स फक्त तोंडाकडे लक्ष ठेवून राहते.

## नकार कधी बरोबर असतो?

सीटीत रक्त दिसलं तर विषयच संपतो. मेंदूत पूर्वी कधी रक्तस्राव झालेला असेल, गेल्या तीन महिन्यांत डोक्याला जबर मार लागला असेल किंवा मेंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टर सहसा देत नाहीत. आधीचा लकवाही गेल्या तीन महिन्यांतलाच असेल तर तो जुना धरत नाहीत. तो व्रण अजून ओला असतो आणि तिथून रक्त फुटायची भीती असते. पाच वर्षांपूर्वीचा लकवा आणि दीड महिन्यापूर्वीचा लकवा यांत म्हणून जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बिंबाणू एक लाखाच्या खाली असणं हेही नकाराचं कारण.

बीपी १८५/११० च्या वर असेल तर आधी औषधानं खाली आणतात, मग इंजेक्शन. शुगरचंही तसंच. मधुमेह असणं ही आडकाठी नाही, पण त्या घडीला रक्तात साखर किती आहे याला महत्त्व आहे. ती फार वाढलेली असेल तर रक्तस्रावाचा धोका चढतो. आणि ५० च्या खाली गेली असेल तर तो मुळात लकवाच नसू शकतो. साखर उतरल्यानंही एक बाजू लुळी पडते आणि ग्लुकोज दिलं की माणूस उठून बसतो. बोटाला टोचून साखर बघायला मिनिट लागतं. ती न बघता कुणीही इंजेक्शन देऊ नये.

आधी लकवा आलेल्यांत आणखी एक चकवा असतो. भरून आलेली जुनी कमजोरी ताप, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा सोडियम कमी झाल्यानं पुन्हा वर येते. जुन्या व्रणामुळे फिट येऊन गेली तरी तो हात काही तास लुळा राहतो. म्हणून डॉक्टर विचारतात: आधी कुठली बाजू गेली होती? कालपर्यंत या हातानं काय जमत होतं? झटके आले होते का? याचं उत्तर सोबत राहणारी सून किंवा बायकोच देऊ शकते. गाडीत जागा नाही म्हणून तिला घरी ठेवून चार भाऊबंद येतात, आणि एकालाही काही सांगता येत नाही.

## “आधीच काठीवर होते, आता एवढा खर्च कशाला?”

हा प्रश्न मोठ्यानं कमी विचारला जातो, मनात जास्त असतो. जो आधी काठी टेकत का होईना, संडासला स्वतः जात होता, त्याच्यासाठी उपचाराचं यश म्हणजे पुन्हा काठीवर येणं. ते साधलं नाही तर अंथरुणावरचं सगळं दुसऱ्याला करावं लागतं, वर्षानुवर्षं. घरातली एक बाई त्यात अडकते आणि तिचा रोजगार बुडतो. इंजेक्शन महाग आहे हे खरंच. दोन्ही औषधांचा खर्च दहा-दहा हजारांच्या पटीत जातो. भारतात बनणारं टेनेक्टेप्लेज त्यातल्या त्यात परवडणारं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तिथल्या तिथं विचारावं.

## घड्याळ आणि रस्ता

साडेचार तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. पहाटे पाचला उठताना हात लुळा दिसला आणि रात्री दहाला तो ठीक झोपला होता, तर घड्याळ दहापासून चालू झालेलं असतं. एमआरआयची सोय असलेल्या ठिकाणी अशांतल्याही काहींना इंजेक्शन देता येतं, आणि मोठी वाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांची गुठळी २४ तासांपर्यंत तार घालून बाहेर काढता येते. पण ती सोय मोजक्या ठिकाणी.

आपल्या भागातला सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे ‘मोठ्या गावाला नेऊ’. नांदेडकडचे हैदराबादला निघतात, परंड्याचे बार्शी-सोलापूरला, बीड-जालन्याचे छत्रपती संभाजीनगरला. किनवटहून नांदेडच शंभर किलोमीटरच्या पुढं आहे. त्याआधी गावात तेलानं चोळणं, कबुतराचं रक्त लावणं, लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेणं यांत सकाळ गेलेली असते. खरं तर चोवीस तास सीटी चालू असलेलं आणि हे इंजेक्शन देणारं सगळ्यात जवळचं रुग्णालय गाठायचं. तिथं इंजेक्शन घेऊन मग पुढं हलवायचं. टेनेक्टेप्लेज एका दमात देता येत असल्यानं हे आणखी सोपं झालंय, पंप लावून ॲम्ब्युलन्समध्ये बसावं लागत नाही. असं रुग्णालय आपल्या तालुक्यापासून कुठं आहे, याची चौकशी घरात शुगर-बीपीचा माणूस असणाऱ्यांनी आजच करावी. १०८ ला फोन करतानाच ‘लकव्याची शंका आहे’ असं सांगावं.

फाईल सोबत न्यावी. सापडत नसेल तर गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकावीत, तीही नसतील तर मेडिकलवाल्याला फोन लावून नावं विचारावीत. जुना सीटी किंवा एमआरआय असेल तर फार उपयोगी पडतो. नव्या स्कॅनमधला डाग आजचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे त्यावरून चटकन कळतं.

## इंजेक्शननंतर

पहिले २४ तास बीपी १८०/१०५ च्या खाली ठेवतात आणि रुग्णाला सारखं बोलतं करून, हात-पाय हलवायला लावून तपासत राहतात. डोकं एकदम दुखायला लागलं, उलटी झाली, शुद्ध हरपू लागली तर लगेच पुन्हा सीटी. या काळात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल बंद असतात. स्टेंट टाकलेल्याच्या घरचे यावर हमखास धास्तावतात आणि पिशवीतली रोजची गोळी गुपचूप देऊ पाहतात. ती देऊ नये. दुसऱ्या दिवशीच्या सीटीत रक्तस्राव नाही असं दिसलं की डॉक्टर स्वतःच ती पुन्हा सुरू करतात.